इनबॉक्सची खतावणी

व्यापारी पेढीवर टपाल हाताळण्याची एके काळी ठरलेली रीत होती. पोस्टमन पत्रे देऊन गेला की मुनीमजी ती उघडत, आवक बारनिशीत त्यांची नोंद करत आणि मग प्रत्येक कागद आपापल्या जागी जाई. बिले तारेला ओवली जात, हुंडीचे कागद तिजोरीत जात आणि सरकारी लखोटा असेल तर तो थेट शेठजींच्या गादीवर ठेवला जाई. संध्याकाळी दुकान वाढवताना त्या दिवसाच्या टपालातील एकही पत्र बेवारस राहत नसे.

आज त्याच पेढीच्या ई-मेल पत्त्यावर दिवसभर संदेश येऊन पडत असतात. मालाचे भावपत्रक, वाहतूकदाराची पावती, बँकेची सूचना, कर खात्याचे पत्र, विमा कंपनीचे स्मरणपत्र, नातवाच्या शाळेची फी, यात्रेचे आरक्षण आणि न मागितलेल्या असंख्य जाहिराती, हे सारे एकाच आकाराच्या अक्षरांत एकाखाली एक उभे राहते. न वाचलेल्या संदेशांचा आकडा हजारांवर जातो आणि मग त्या आकड्याचीही डोळ्यांना सवय होते. बारनिशी लिहिणारे मुनीमजी राहिले नाहीत; टपाल मात्र कैक पटींनी वाढले.

हा केवळ टापटिपीचा प्रश्न असता तर त्याची चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु या गर्दीत हरवते ते पत्र पुष्कळदा पेढीचा पैसा, हक्क किंवा साख घेऊन जाते.

न वाचलेले पत्रही पोहोचलेलेच

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम १३ मध्ये यासंबंधी स्पष्ट तरतूद आहे. उभय पक्षांत वेगळा करार नसेल आणि संदेश स्वीकारण्यासाठी एखाद्याने विशिष्ट पत्ता ठरवून दिला असेल, तर संदेश तेथे दाखल झाला तोच तो मिळाल्याचा क्षण समजला जातो. तो उघडला गेला की नाही, हे कायदा विचारत नाही. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम १६९ नेही नोंदणीकृत ई-मेल पत्त्यावर पाठवलेली किंवा पोर्टलवर उपलब्ध करून दिलेली नोटीस ही बजावणीची मान्य पद्धत ठरवली आहे.

या पत्रांना मुदती असतात आणि त्या फार मोठ्या नसतात. नोंदणी रद्द का करू नये, अशी कारणे दाखवा नोटीस वस्तू व सेवा कर खात्याकडून आली, तर उत्तरासाठी कामकाजाचे ७ दिवस मिळतात. विवरणपत्रांतील तफावतीबद्दल विचारणा झाली, तर सामान्यतः ३० दिवसांपर्यंत खुलासा करावा लागतो. आदेश विरुद्ध गेला, तर अपिलासाठी ३ महिने असतात आणि सबळ कारण असल्यास आणखी १ महिन्याचा विलंब माफ होऊ शकतो; त्यापुढे तो माफ करण्याचा अधिकार अपील अधिकाऱ्याला कायद्याने दिलेला नाही. आयकर विवरणपत्र सदोष असल्याची सूचना आली, तर दोष दूर करण्यास सामान्यतः १५ दिवस असतात. बाजू कितीही न्याय्य असो, पत्र जाहिरातींच्या खाली दबून राहिले आणि मुदत टळली की ती मांडण्याची संधीच निसटते.

म्हणून पहिले काम इनबॉक्स आवरण्याच्याही आधीचे आहे. नोंदणी करताना अनेक ठिकाणी सल्लागाराचा किंवा नोकरी सोडून गेलेल्या हिशेबनिसाचा ई-मेल पत्ता दिलेला असतो. वस्तू व सेवा कर, आयकर, बँक आणि विमा या चारही ठिकाणी सध्या कोणता पत्ता व कोणता मोबाइल क्रमांक नोंदलेला आहे, हे एकदा तपासून पेढीचा स्वतःचा पत्ता तेथे घालून घ्यावा. टपाल दुसऱ्याच्या दारी पडत असेल तर आपले दार झाडून उपयोग नाही.

कीर्द आहे, खतावणी नाही

इनबॉक्सचे खरे स्वरूप व्यापाऱ्याइतके दुसऱ्या कोणाला लवकर कळणार नाही. संदेश ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने तेथे मांडले जातात. म्हणजे ती रोजकीर्द झाली. परंतु केवळ कीर्द लिहून कोणताही व्यापार चालत नाही. अमुक आसामीकडून किती येणे आहे, हे कळण्यासाठी कीर्दीतील प्रत्येक नोंद खातेवहीत ज्याच्या त्याच्या खाती न्यावी लागते. ई-मेलच्या बाबतीत बहुतेक पेढ्यांनी कीर्द वर्षानुवर्षे लिहिली. खतावणी मात्र एक दिवसही केली नाही.

ही खतावणी करण्याचे साधन म्हणजे टॅग, म्हणजेच संदेशाला लावायची चिठ्ठी. १ एप्रिल २००४ रोजी गूगलने जीमेल सुरू केली तेव्हा अन्य सेवांत रूढ असलेल्या फोल्डरऐवजी लेबल ही पद्धत आणली. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकमध्ये असेच काम रंगीत कॅटेगरी करते. नावे निराळी असली तरी कल्पना एकच आहे.

फोल्डर आणि लेबल यांतील फरक नीट ध्यानात घ्यावा. फोल्डर म्हणजे कपाटाचा कप्पा. कागद एका कप्प्यात ठेवला की तो दुसऱ्यात नसतो. लेबल म्हणजे खात्यावरील नोंद, आणि एका व्यवहाराची नोंद एकाहून अधिक खाती जाऊ शकते. समजा, सांगलीच्या हळद व्यापाऱ्याला दिल्लीच्या खरेदीदाराचा संदेश आला की माल मिळाला, पण वजनात तूट आहे, म्हणून तेवढी रक्कम कापून पैसे पाठवत आहोत. हे पत्र वसुलीचे आहे, वाहतूकदाराशी होणाऱ्या तंट्याचे आहे आणि क्रेडिट नोट द्यावी लागेल म्हणून कराचेही आहे. फोल्डरमध्ये ते एकाच जागी जाईल आणि उरलेल्या दोन ठिकाणी शोधणाऱ्याला सापडणार नाही. लेबल तीनही लागतात. संदेश एकच राहतो आणि तिन्ही खात्यांत दिसतो.

जैन वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. एका वस्तूला अनेक धर्म असतात आणि एका बाजूने पाहून तिचे पूर्ण ज्ञान होत नाही, ही अनेकांताची दृष्टी आहे. तत्त्वज्ञानाची उंची टपालाला द्यायची नाही. परंतु दहा कप्प्यांपैकी एकच निवडण्याचा हट्ट सोडला की टपालही सोपे होते, इतके खरे.

जीमेलमध्ये इनबॉक्स हेही एक लेबलच आहे. संदेश 'आर्काइव्ह' केला की ते एक लेबल निघते. संदेश नष्ट होत नाही, शोधल्यास सापडतो. तसेच एखादे लेबल नंतर पुसून टाकले तरी त्याखालचे संदेश जात नाहीत. समोरच्याला पाठवलेल्या उत्तरातही आपले लेबल दिसत नाही. म्हणून प्रयोग करण्यास भिण्याचे कारण नाही.

खाती किती आणि कोणती

नव्या उत्साहात चाळीस-पन्नास लेबले तयार केली जातात आणि महिन्याभरात ती सारी ओस पडतात. खाते उघडणे सोपे असते. नोंद रोज न्यावी लागते. एका मध्यम पेढीला दहा-बारा लेबले पुरतात. त्यांचे दोन गट करावेत.

पहिला गट विषयाचा. 'शासन', 'बँक', 'येणे', 'देणे', 'वाहतूक', 'विमा' आणि 'घर' ही सात नावे बहुतेक कुटुंबांच्या गरजा भागवतील. आवश्यकता वाटल्यास 'शासन' या लेबलाखाली 'आयकर' व 'वस्तू व सेवा कर' अशी पोटलेबले करता येतात. 'देणे' हे लेबल वेगळे ठेवण्यास विशेष कारण आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला असेल, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार करारात कितीही मुदत लिहिली तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने दरमहा चक्रवाढ व्याज लागू होते. ज्या छोट्या कारखानदाराचे स्मरणपत्र इनबॉक्सच्या तळाशी पडून राहिले, त्याच्या घरची चूलही त्या पैशावर चालत असते, हा विचार कायद्याच्या आधीचा आहे.

दुसरा गट कृतीचा. 'करायचे', 'उत्तराची वाट' आणि 'झाले' ही तीनच लेबले त्यात असावीत. विषयाचे लेबल पत्र कशाचे आहे ते सांगते. कृतीचे लेबल ते कोठवर आले आहे ते सांगते. पुष्कळ लोक पहिले लावतात आणि दुसरे विसरतात. मग नोटीस 'शासन' या खात्यात व्यवस्थित ठेवलेली असते आणि तिचे उत्तर मात्र गेलेले नसते. 'करायचे' या लेबलाला लाल रंग द्यावा आणि नावाआधी शून्य हा अंक लिहावा, म्हणजे यादीत ते वर राहील. उत्तराची अंतिम तारीख लेबलात न लिहिता त्याच दिवशी भिंतीवरील दिनदर्शिकेत आणि मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टिपावी.

फिल्टर नावाचा मदतनीस

दररोज शेकडो संदेशांना हाताने लेबल लावणे कोणालाही जमणार नाही. त्यासाठी फिल्टरची सोय आहे. संगणकावर जीमेल उघडून शोधपट्टीच्या उजव्या टोकाच्या चिन्हावर गेले की एक तक्ता उघडतो. पाठवणाऱ्याचा पत्ता किंवा विषयातील शब्द तेथे लिहून 'या संदेशांना अमुक लेबल लावावे' असा नियम करता येतो. आधी आलेल्या तशाच संदेशांनाही तो लागू करण्याचा पर्याय असतो. मोबाइलवरील जीमेल ॲपमध्ये फिल्टर तयार करता येत नाही. म्हणून एका रविवारी घरातील तरुण मंडळींना संगणकापुढे बसवावे आणि वडीलधाऱ्यांनी खात्यांची नावे सांगावीत. व्यापार कोणत्या खात्यांवर उभा आहे, हेही त्या निमित्ताने पुढच्या पिढीला कळते.

फिल्टरच्या बाबतीत एक शिस्त पाळावी. जाहिराती आणि वृत्तपत्रिका इनबॉक्स चुकवून परस्पर बाजूला गेल्या तरी चालतील. शासन आणि बँक यांच्या संदेशांना मात्र लेबल लावावे, इनबॉक्स चुकवू देऊ नये, आणि 'स्पॅममध्ये कधीही पाठवू नये' या पर्यायावर खूण करावी. स्पॅममधील संदेश ३० दिवसांनी आपोआप नष्ट होतात.

लेबल म्हणजे पडताळणी नव्हे, हेही तितकेच महत्त्वाचे. फिल्टर पत्ता किंवा शब्द पाहतो. माणूस ओळखत नाही. 'आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढे पैसे नव्या खात्यात भरावेत' असा नेहमीच्या पुरवठादाराच्या नावाने आलेला बनावट संदेश व्यापाऱ्यांना मोठ्या रकमेला फसवतो. पत्त्यातील एखादेच अक्षर बदललेले असते. 'खाते बदल' असे शब्द असलेल्या प्रत्येक संदेशाला वेगळे ठळक लेबल लागेल असा फिल्टर करावा. असे पत्र आले की पत्रातील क्रमांकावर न जाता आपल्या वहीतील जुन्या क्रमांकावर फोन करावा आणि आवाज ओळखल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये. कर खात्याच्या नावाने पत्र आले तर त्यावरील दस्तऐवज ओळख क्रमांक अधिकृत पोर्टलवर पडताळता येतो. २०१९ पासून हा क्रमांक रूढ झाला आहे. फसवणूक झाल्याचे लक्षात येताच बँकेला आणि १९३० या साहाय्य क्रमांकावर त्याच क्षणी कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाची जबाबदारी किती, हे ठरवताना बँकेची सूचना मिळाल्यापासूनचे दिवस मोजले आहेत. ग्राहकाची व बँकेची चूक नसताना त्रयस्थामुळे झालेला व्यवहार कामकाजाच्या ३ दिवसांत कळवला, तर ग्राहकावर भार पडत नाही. म्हणजे न वाचलेली बँकेची ई-मेलही घड्याळ चालू करते.

जुनी बाकी ओढावी कशी

हजारो जुने संदेश पाहून पुष्कळांचा धीर सुटतो. येथेही वहीची रीत उपयोगी पडते. भगवान महावीरांच्या निर्वाणदिनाच्या सुमारास नव्या वह्यांचे पूजन होते, तेव्हा मागील वर्षाच्या सगळ्या नोंदी कोणी पुन्हा लिहून काढत नाही. जुन्या खात्यांची फक्त शिल्लक पुढे ओढली जाते.

तसेच करावे. एक दिवस ठरवावा. तीन महिन्यांपूर्वीचे सर्व संदेश निवडून त्यांना 'जुनी बाकी' असे एकच लेबल लावावे आणि आर्काइव्ह करावे. त्यानंतर त्यात 'नोटीस', 'थकबाकी', 'मुदत', 'नूतनीकरण' असे शब्द मराठी व इंग्रजी दोन्ही लिप्यांत शोधावेत आणि जे अद्याप जिवंत आहे तेवढेच 'करायचे' या लेबलाखाली आणावे. ही आरंभीची शिल्लक. त्या दिवसापासून पुढचे टपाल नव्या वहीत.

पुसून टाकण्याची घाई मात्र करू नये. वस्तू व सेवा कराशी संबंधित हिशेब व कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपून ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. बिले, ई-वे बिले व पत्रव्यवहार यांची प्रत्येक आर्थिक वर्षाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी. जागा मात्र अमर्याद नाही. गूगलच्या विनामूल्य खात्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांना मिळून १५ गीगाबाइट जागा असते. ती भरली की नवे संदेश येणेच थांबते. लग्नाच्या चित्रफितींनी पेढीची टपालपेटी भरून जाणे, हे वाटते तितके दुर्मीळ नाही. घराचे आणि पेढीचे पत्ते वेगळे ठेवणे हा त्यावरचा उत्तम उपाय आहे.

दोन वेळा दृष्टी

व्यवस्था लावणे एका दिवसाचे काम, टिकवणे रोजचे. साधुसाध्वी आपली वस्त्रे व उपकरणे नित्य प्रतिलेखन करूनच वापरतात. वस्तू थोड्या असतात म्हणून प्रत्येकीवर दृष्टी फिरते. टपालाच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ घेण्यासारखे आहेत. नको त्या जाहिरातींची वर्गणी त्यांच्याच तळाशी असलेल्या दुव्यावरून बंद करावी, म्हणजे पाहण्याचे कमी होईल. आणि सकाळी पेढी उघडल्यावर व सायंकाळी वाढवताना अशी दोन वेळा पंधरा मिनिटे इनबॉक्सवर दृष्टी टाकावी. प्रत्येक संदेशाला लेबल लागावे आणि इनबॉक्स शक्यतो रिकामा व्हावा. दर आठवड्याला 'उत्तराची वाट' हे खाते उघडून ज्यांनी उत्तर दिले नाही त्यांना स्मरण द्यावे. त्याच दिवशी कर पोर्टलवरही प्रवेश करून पाहावे. पोर्टलवर ठेवलेली नोटीस हीदेखील बजावणीच असते.

हे काम कोणाचे, हे नाव घेऊन ठरलेले असावे. सर्वांचे काम ते कोणाचेच नसते, हा एकत्र कुटुंबातील प्रत्येकाचा अनुभव आहे. थोरल्या बंधूंना वाटते धाकट्याने पाहिले असेल, धाकट्यास वाटते सूनबाईंनी सल्लागाराला कळवले असेल. परवलीचा शब्द चौघांत वाटण्यापेक्षा जीमेलमधील प्रतिनिधी नेमण्याची सोय वापरावी. त्यामुळे दुसरी व्यक्ती आपल्या खात्यातून पेढीचे टपाल पाहू शकते आणि परवलीचा शब्द मालकाकडेच राहतो. तिने काम सोडले की तो अधिकार काढून घेता येतो.

एक विषय अप्रिय असला तरी टाळू नये. सर्व पत्रव्यवहार ज्यांच्या नावाच्या पत्त्यावर आहे ते गृहस्थ अकस्मात गेले, तर विमा पत्रे, ठेवींच्या पावत्या आणि येणेबाकीचे पुरावे कुलूपबंद राहतात. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल नष्ट करू शकते. ठरावीक काळ खाते निष्क्रिय राहिल्यास विश्वासातील व्यक्तीला माहिती मिळावी, अशी व्यवस्था खात्याच्या सेटिंगमध्ये आधीच करून ठेवता येते. मृत्युपत्र व नामनिर्देशन यांच्या जोडीला हे दहा मिनिटांचे काम करून ठेवावे.

शेवटी 'घर' या लेबलाविषयी. संवत्सरीच्या दिवसांत क्षमापनेचे संदेश शेकड्यांनी येतात. त्यांत एकच मजकूर सर्वांना पाठवलेले पुष्कळ असतात. पण एखादा असा असतो की तो लिहिण्यासाठी कोणी बारा वर्षांचा अबोला बाजूला ठेवलेला असतो. भागीदारी तुटलेल्या चुलतभावाचे दोन ओळींचे पत्र साड्यांच्या सवलतीच्या जाहिरातीखाली न वाचता राहिले, तर कोणतेही खाते दंड आकारत नाही आणि कोणतीही मुदत टळत नाही. लिहिणारा फक्त वाट पाहतो, आणि उत्तर आले नाही म्हणजे आपल्याला क्षमा मिळाली नाही असे समजतो. 'घर' हे लेबल म्हणूनच 'शासन' आणि 'बँक' यांच्या बरोबरीने रोज उघडावे, आणि त्याचेही उत्तर त्याच दिवशी जावे.